राखणीला राहिलेला

बेत साहूरच्या उतारावर माझं दुकान.
जैतुनाचं लाकूड दोन उन्हाळे सुकू द्यावं लागतं,
घाईनं कोरलं तर मेंढरं पोटात तडकतात.
बापानं एवढंच शिकवलं. बाकीचं पटाशीनं.

चाळीस वर्षं एकच गोष्ट कोरतोय.
योसेफाचं तोंड मिटलेलं ठेवतो;
अख्ख्या शुभवर्तमानात त्याच्या तोंडी एक शब्द नाही,
मी कोण त्याला बोलता करणारा?
मागींचे गुडघे धुळकट.
आधी चुकीच्या दारी जाऊन आले होते ना, राजाच्या.
शहाण्यांनाही वाट विचारावी लागते.
मेंढपाळांचे हात रिकामे.
गिऱ्हाईक हटकतं, एखाद्याच्या खांद्यावर कोकरू तरी द्या.
देतो. पोट आहे.
पण लिहिलंय ते एवढंच, की ते लगबगीनं आले.

बाळ तेवढं सुटं.

इब्तिसाम, माझी थोरली, वर बेथलेहेमच्या इस्पितळात सुईण.
आमच्याकडे नाताळ दोनदा येतो,
लॅटिनांचा डिसेंबरात, आमचा सात जानेवारीला,
आर्मेनियन धरले तर तीनदा.
तिन्ही रात्री हिची पाळी.
मध्यरात्रीच्या उपासनेत
माझ्या शेजारची जागा सात वर्षं थंड.

मी बोलायचो, तोंडाला येईल ते.
प्रभूच्या गावात जन्मलीस आणि त्याच्याच रात्री तुला सवड नाही,
तुझी उतारशाळा कायमचीच भरलेली!
ती कोपरापर्यंत साबण लावत राहायची.
एकदा म्हणाली, याबा,
ते सगळे धावत गेले ना त्या रात्री,
मग मेंढरं कुणी राखली?

खूरी स्पिरिदोनना विचारलं.
त्यांनी दाढी कुरवाळली
आणि म्हणाले, जाताना मेणबत्त्या विझव.

यंदा यात्रेकरू नाहीत. बसथांब्यावर मांजरं.
खोक्यांत चारशे बाळं, कागदात गुंडाळलेली.
रिकाम्या हातांना खाज असते.
एक गाठाळ तुकडा पडला होता, कशालाच न शोभणारा,
त्यातून एक माणूस निघाला
गव्हाणीकडे पाठ केलेला.
काठी टेकलेली, मान किंचित कललेली,
म्हणजे गाणं त्यालाही ऐकू येतंय.
पण डोळे अंधाराकडे, लांडगा येतो त्या बाजूला.
गाठ नेमकी गालावर आली.
घासली नाही.

सहा जानेवारीच्या रात्री
उपासना अर्ध्यावर आली आणि मी उठलो.
लोकांनी वळून पाहिलं. पाहू देत.
तो खिशात, भाकरी फडक्यात, चढ चढलो.
दारावरच्यानं विचारलं, कुणाचे कोण?
म्हटलं, राखणीवरच्या माणसाला जेवण आणलंय.

ती बाहेर आली तेव्हा पहाटेचे तीन.
बाहीवर रक्त, डोळ्यांत झोप,
हातात बाळंत्यात गुंडाळलेलं कुणाचं तरी.
आईला टाके घालायचेत, बाप नाक्यावर अडकलाय,
धर जरा.

धरलं.
इतकी वर्षं अंगठ्याएवढी बाळं कोरून
वजन विसरून गेलो होतो.
हिचंही एवढंच होतं बहुधा.

तिनं माझ्या खिशातून डोकावणारा तो पाठमोरा काढला,
दिव्याखाली उलटसुलट पाहिला.
गालावरच्या गाठीवरून अंगठा फिरवला.
मला वाटलं आता काहीतरी बोलेल,
सात वर्षांचं.

याबा, म्हणाली, ह्याला पायताण द्यायला विसरलास.

सकाळी देतो, म्हटलं.
ती त्याला घेऊन आत गेली.

खाली घंटा सुरू झाल्या.
येत असलेलं एकही स्तोत्र आठवेना.
बाळानं तोंड वाकडं केलं, जांभई की रडू कळेना,
तेव्हा मी जरा सरकलो,
गाण्याकडे पाठ करून उभा राहिलो,
वारा येत होता त्या बाजूला.