न नेलेले फोटो

महिन्याचा विषय फळ्यावर दिघ्यांनी लिहिला: वाट पाहणे.
मग खडूचे हात पँटला पुसले.
दांडियाबाजारातल्या वाचनालयाची माडी,
सात माणसं, एक पंखा,
आणि सेव-उसळ सांगायची की नाही यावर नेहमीचा वाद.

फाल्गुनीबेन विश्वामित्रीच्या पुलावर गेल्या होत्या.
पहाटे, लांबच्या लेन्सने, मगर:
चिखलाच्याच रंगाची, जबडा उघडा,
दातांवर कोवळं ऊन.
"तीन तास," म्हणाल्या, "ए ना हली, हुंये नहीं."
फोटोत मात्र
एकटी तीच वाट पाहताना दिसते.

इक्बालभाईंना रंग चालत नाहीत.
मोठ्या दवाखान्याबाहेरचा बाक, काळापांढरा, दाणेदार.
म्हाताऱ्याच्या मांडीवर चार पुडांचा डबा,
कडी सैल केलेली,
झाकण तसंच.
कोणी काही बोललं नाही.
पंखा बोलत राहिला.

दिघ्यांचं काम शिस्तीचं.
तिकाटणं, लेन्सवर काळी काच,
मांडवीच्या कमानीखाली संध्याकाळची गर्दी
आणि चार मिनिटं उघडी ठेवलेली झडप.
रिक्षा गेल्या, गाय गेली, नवरात्रीची खरेदी गेली,
सगळ्यांचा मिळून थोडा धूर झाला.
उरली एक फुगेवाली, स्वच्छ, कोरीव,
कारण तिच्याकडे कोणी आलंच नव्हतं.
"जो हलत नाही तोच उमटतो,"
दिघे असं म्हणाले
की जणू तिने ते ठरवूनच केलं.

तन्वयने ओल्या फडक्यात बांधलेली मटकी आणली होती.
म्हणजे तिचा फोटो. खिडकीचा उजेड, पितळी ताट, बाकी काही नाही.
आम्ही हसलो.
मग शिर्केबाईंनी चष्मा वर केला, वाकून पाहिलं,
"अगं बाई, हे बघा":
फडक्याच्या विणीतून
एक पांढरं टोक.

माझी पाळी आली.
मी फोटो काढत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.
रावपुऱ्यात छायादीप स्टुडिओत एकतीस वर्षं
निगेटिव्हवर पेन्सिल चालवली.
देवीचे वण बुजवले, डोळ्यांखालची जागरणं उजळली,
एका नवरीचा, तिच्या आईच्या सांगण्यावरून,
तीळ काढला,
तो मला अजून आठवतो, डाव्या भुवईच्या वर.

स्टुडिओ मिटला तेव्हा मालकांनी विचारलं, काय हवं?
मी बिस्किटांचा डबा मागितला.
तोच टेबलावर उपडा केला.

पासपोर्ट फोटो. न नेलेले.
पिवळ्या पाकिटांवर नावं, तारखा,
बाकी सहा रुपये, बाकी चार रुपये,
आणि कित्येकांवर लाल शाईत, दोनदा अधोरेखित: अर्जंट.
कुवेतला निघालेली परिचारिका.
अकरा मुलगे, अकरा मुलाखती,
आणि अकरांच्या अंगात एकच कोट,
स्टुडिओच्या खुंटीवरचा, कोपराला ठिगळ होतं,
ते चौकटीत येत नसे.
एक बाई, कपाळ मोकळं,
कुंकवाची जागा जरा उजळ.
तिथे मी पेन्सिल लावली नव्हती.

दिघ्यांनी एकेक उचलून पाहिला,
कडांना धरून, जसा धरायचा असतो.
"पण हे कुठल्या शैलीत मोडतं?"

म्हटलं, शैली कसली.
मालक फक्त सांगायचे, समोर बघा.
हनुवटी जरा खाली.
श्वास धरा.
नंतर सोडा म्हणायचे.
ह्यांना बहुतेक ते ऐकूच गेलं नाही.

सेव-उसळ आली. जागा करायला
पाकिटं घाईघाईत गोळा केली, तारखांचा क्रम चुकला.
घरी जाताना डबा मांडीवर,
झाकण नीट बसेना म्हणून वर तळहात दाबून,
मी हिशेब करत होते:
सगळी बाकी मिळून तीनशेच्या आत.
आणि तीही माझी नव्हे,
मालकांची.