काजं कमी, बटणं फार

हल्लीच्या कादंबऱ्यांत कुणाला झोप येत नाही.
दर तिसऱ्या पानावर एक माणूस
बाल्कनीत उभा राहून शहराकडे बघतो.
शहर पुण्यासारखं असतं किंवा कशासारखंच नसतं.
नळाला पाणी कितव्या दिवशी येतं,
हे लेखक एकदाही सांगत नाही.
आमच्याकडे पाचव्या दिवशी येतं,
तेही रात्री दोनला,
त्यामुळे जागरणातलं मला थोडं कळतं.

मी अशोक चौकाच्या मागे
शाळेच्या गणवेशांना काजं करते.
दिवसाला चारशे शर्ट, शर्टाला सात काजं.
वाचनालयाचं पुस्तक डब्याच्याच पिशवीत,
शेंगाचटणीचं तेल लागू नये म्हणून
पेपरात गुंडाळलेलं.
कोनापुरे सर म्हणतात, घेऊन जा, गाजतंय.
गाजणारं मी जरा उशिरा वाचते,
गाजायचं थांबलं की.

मला विचाराल तर
या पुस्तकांना बटणं फार, काजं कमी.
चमकतात छान. लावायची कुठे?
नायिकेला पगार किती, ते लिहीत नाहीत,
आणि ती नोकरी सोडून सरळ डोंगरावर जाते.
माझी बहीणही गेली होती एकदा सगळं सोडून,
होटगी स्टेशनपर्यंत.
संध्याकाळच्या गाडीने परत आली.

वेबसिरीजचं तर बोलायलाच नको.
भाच्याच्या मोबाइलवर बघितली एक.
एका खुनाला आठ भाग,
आणि आठ भागांत एकही पोलीस जेवला नाही.
खुनी कोण, तर पहिल्या भागात
ज्याला कुणी चहा विचारला नव्हता, तो.
मल्लव्वाने हे दुसऱ्याच भागात सांगितलं.
तिला हिंदी निम्मी कळते,
माणसं पूर्ण.

मध्ये एक कादंबरी आली, आपल्याच गावावरची.
तिच्यात गड्डा मार्चमध्ये भरतो.
नायक कडक भाकरी सुरीने कापतो.
मी पेन्सिल काढली,
मग ठेवून दिली, पुस्तक सगळ्यांचं असतं.
पण पान एकशे चाळीस.
गिरणीतून सुटलेला म्हातारा,
सिव्हिल हॉस्पिटलचा वॉर्ड,
नर्स त्याच्या अंगावर चादर टाकते.
तो आधी चादरीचा काठ उलटून बघतो
आणि म्हणतो, बाई, दोन धागे सुटलेत.

इथे मी मशीन थांबवलं.
आमचे अण्णा असेच. थंडीने कुडकुडत असले तरी
काठ बघितल्याशिवाय पांघरायचे नाहीत.
हे त्या लेखकाला कुणी सांगितलं?
ज्याला गड्डा कधी असतो ते माहीत नाही?

जेवणाच्या सुट्टीत मी बायकांना गोष्ट सांगते,
दिवसाला एक प्रकरण.
सांगताना थोडं अल्टर करते.
डोंगरावर जाणारीला आधी पीएफ काढून देते.
बाल्कनीतल्याला आत नेऊन झोपवते.
कुठे उसवलं, कुठे टाका घातला,
कुणाला दिसत नाही.

त्या म्हाताऱ्याला लेखकाने
एकशे बेचाळीसव्या पानावर मारलं.
मी नाही मारलं.
गुरुवारी नरसम्माने विचारलं, आता कसाय?
म्हटलं, बराय, पेज घेतली.
शुक्रवारी त्याचा ताप उतरवला.
शनिवारी पगार होता, कुणी गोष्ट मागितली नाही,
मी पुस्तक परत करून टाकलं.

ते जुबेदाने नेलं.
तिला मराठी वाचायला वेळ लागतो,
ओळीखाली बोट ठेवत ठेवत वाचते,
पण रविवारभर वाचत बसली असणार.
सोमवारी डबा उघडला
आणि माझ्याकडे बघत राहिली.
माझा घास तोंडातच.

नरसम्मा म्हणाली, अक्का, तो म्हातारा?

मी काही बोलायच्या आत
जुबेदाच बोलली, खाली बघून, भाकरी मोडत,
"हाय की.
काल उठून बसला.
दुसरी चादर मागून घेतली,
काठ बघून."