वल्ह्याला काय लागतं

जैतापूरहून टेंपोत घालून आणल्या
पर्यटकांच्या तीन कयाक, नारिंगी.
बाजूवर अजून लिहिलेलं : अर्धा तास, तीनशे रुपये.

राजापूरच्या चौकावरून जाताना
दुकानांच्या पाट्या हाताशी येतात.
लवू म्हणाला, खाली खाडीला भरती, पाणी अडलाय,
गल्ल्या आधी बघून घेव.

वल्हं खाली टेकवून बघायचं.
टणक लागली ती स्कूटर,
पोकळ वाजलं ते पिंप.
मऊ लागलं की कुणी बोलत नाही.
दोनदा तांदळाचं पोतं निघालं.

माडीच्या खिडकीतून खातूनबी उतरल्या,
आधी कोंबडी दिली, मग चष्मा, मग पाय.
पाटी वाचून विचारलंन, "तीनशे माणशी काय?"
लवू हसला. त्या दिवसात तेवढंच.

मेडिकलात कामाला असलेला विनू गुरव
मिळाला नाही.
त्याची आई पुलाकडच्या चढावर उभी,
आमच्या तोंडांकडे नाही,
वल्ह्यांच्या टोकांकडे बघत.

आता दिवाळीची सुट्टी. खाडी निवळलेय.
पुण्याची पोरं कयाकमध्ये बसून ओरडतात.
उथळात माझं वल्हं चिखलाला लागतं,
मऊ,
आणि मी बोलायचा थांबतो.