ल

टिळकनगरात लिफ्ट बंद होती.
कानविंदे काकांच्या ट्यूबवर नाव लिहीत,
फोन काखेत दाबून, जिना उतरत होते.
ट्यूब वाचवली.
फोन चार पायऱ्या खाली जाऊन थांबला, पालथा.
उचलायच्या आधीच कळतं, तसं कळलं.

काचेचं काही नाही. चिरेवर सेलोटेप लावता येतो.
पण खाली उजवीकडे नखाएवढी जागा मेली
आणि नेमका तिथे ल राहतो.

ल नाही म्हणजे काय काय नाही, हे तोवर माहीत नव्हतं.
फार तर लसूण लिहिता येणार नाही, असं वाटलं होतं.
रात्री बाबांचा मेसेज आला: पोचलीस का?
पोचले लिहायला गेले, तर उमटलं: पोचे.
मात्रा बिचारी मिळेल त्या अक्षराला चिकटली.
खोडलं, आणि लिहिलं: पोचतेय.
खोलीत बसून, पाय गरम पाण्यात सोडून.

बाबांना ऐकू येत नाही, सात वर्षं झाली.
संगमेश्वरात ते, एक मांजर, आणि माझे मेसेज.
जेवलीस? जेवतेय.
औषध घेतलंस? घेते.
सलील कसा आहे?
त्याच्या नावात तर ल दोनदा.
बरा असणार, असं लिहिलं.
बयो, बाबांनी विचारलं, चार वाजलेत, अजून जेवतेसच?

बोलून लिहितो म्हणे फोन.
आपण बोलायचं, तो अक्षरं काढतो.
पण माझ्या खोलीला प्लायवूडची भिंत,
पलीकडे नर्सिंगच्या दोन मुली अभ्यास करतात.
शिवाय जे लिहायचं, तेच तर बोलायचं नव्हतं.
एकदा बोटानेच प्रयत्न केला. एवढंच आलं:
मी घर सोड.
कोणीतरी मलाच सांगत असल्यासारखं.

अकरा दिवस मी वर्तमानकाळात राहिले.
तिथे भाडं कमी पडतं.
मार्चमध्ये ल धडधाकट होता,
तेव्हाही कळवलं नव्हतं, हेही खरं.

चेंबूर स्टेशनबाहेर, झेरॉक्सवाल्याच्या जिन्याखाली
मुजफ्फर परकार बसतो, खेडचा. कपाळावर भिंग.
नुसती काच नऊशे, म्हणाला, पण ताई, टच असाच राहणार.
अख्खा डिस्प्ले एकतीसशे.
नायतर हा द्या सोडून. नवा साडेआठ हजार, हप्त्याने.

मला एका घरामागे साठ रुपये सुटतात.
एकतीसशे म्हणजे बावन्न शिरा.
नव्या फोनच्या मोजल्याच नाहीत.
नऊशेच्या पंधरा. वरून कोरा करकरीत दिसेल,
आत ल नसेल, कोणाला कळणारही नाही.
असं एक घर मी चौदा वर्षं चालवलंय.

डब्यातला बर्फ वितळत होता,
जांभळ्या टोप्या, पिवळ्या टोप्या, अकराच्या आत लॅबला.
बोला, काय करू?
डिस्प्ले बदला, म्हटलं.
म्हटल्यावर घासाघीस आठवली. अठ्ठावीसशेवर आला.

ड्रायरने त्याने कडा सैल केल्या,
पडदा साल सुटावी तसा सुटला.
बॅटरी जरा फुगलीय, म्हणाला, दिवाळीपर्यंत ओढेल.
नवा पडदा बसवला, आणि तपासायला
त्या जागेवर बोट ठेवून दाबत राहिला.
ललललललललल
ओळ भरली तरी थांबेना,
शब्द विसरून नुसती चाल आठवावी तसा.
घ्या, लिहून बघा काहीतरी.

बाबांचा सकाळचा मेसेज वरच होता: चहा घेतलास?
घेतला, असं लिहिलं.
दोन खुणा निळ्या झाल्या. मग लगेच:
अरे वा.

एवढं कशाचं कौतुक, त्यांनाच ठाऊक.
किंवा अकरा दिवस ते माझे मेसेज
नीट वाचत होते.

लॅबवाले ओरडतील. ओरडू देत.
परकारच्या फळीवर डबा टेकवला,
सेलोटेपचा डिंक अजून अंगठ्याला होता, तो ओढणीला पुसला,
आणि
मी, घर,
इथपर्यंत आले.