गुरुवारचा फळा

गुरुवारी आमच्या भागात वीज नसते, माग गप्प असतात,
म्हणून माझं अक्षर त्या दिवशी बरं येतं.
इरप्पाच्या सलूनबाहेरचा फळा ओल्या फडक्यानं पुसतो.
मागच्या आठवड्याचा नायक आधी कोपरापासून जातो,
मग मिशीसकट.

पहिली बातमी: उद्या दोन लागतायत,
एक हिंदी, एक तेलुगू.
तेलुगूचं तिकीट मिळणार नाही, आत्ताच सांगतो.
साखर पेठेतल्या पोरांनी हाराची वर्गणी काढलीय,
कटआउट एवढा उंच की टेलिफोनची तार वर बांधावी लागली.
हिंदीला जा निवांत.
पंखे चालू आहेत म्हणतात.

दुसरी: कन्नड सिनेमा विजापूरच्या अलीकडं अडकला.
पेटी एसटीच्या टपावर होती.
टप आला, पेटी नाही आली.

ट्रेलर लिहिता येत नाही, करून दाखवावा लागतो.
संध्याकाळी सातला, कंदिलाच्या उजेडात,
इरप्पाच्या खुर्चीत, गळ्याशी पांढरा कपडा,
मी आधी दरोडेखोर, मग त्याची आई, मग घोडा.
अर्ध्या दाढीला साबण लावलेलं गिऱ्हाईक म्हणतं,
'घोडा परत एकदा.'
शेवट सांगत नाही. नियम आहे.
फक्त पोशव्वाला सांगतो.
विड्या मोजून देऊन येताना ती थांबते, रिकामी टोपली काखेत,
'मेला का जगला, तेवढं सांग बाबा,
तीन तास बसले तर तीनशे विड्या बुडतात.'
मी सांगतो. ती मान हलवते,
मेला असला तर जरा जास्त वेळ,
आणि जाते.

खाली डाव्या कोपऱ्यात 'माहीत आहे का?'
इथं मी खरं लिहितो. बहुतेक.
की कोसळणारा पूल पुठ्ठ्याचा होता,
की विहिरीत उडी मारणारी नायिका नाहीच, तो माणूस होता साडीतला,
की रडायच्या सीनला ग्लिसरीन लागलं नाही,
त्या दिवशी खरंच दाढ दुखत होती.

गेल्या गुरुवारी काही सुचेना.
खडू नखाएवढा उरलेला, जागा चार ओळींची.
लिहिलं: दवाखान्याच्या सीनमध्ये
खाटेवर जी चादर आहे
ती आपल्या सोलापूरची.

एवढंच.

शनिवारी मॅटिनीला पोशव्वा.
रविवारी पोशव्वा.
सोमवारी विड्या कमी भरल्या म्हणून बोलणी खाल्ली,
मंगळवारी दोन सुनांना घेऊन पोशव्वा.

बुधवारी फळ्यापाशी आली. मी हात खिशात घातला,
उगाच, जसा खडू म्हणजे चाकू.
म्हणाली, 'होती की.
आमच्या यांच्या मागावरची. काठाला मोर,
मोराला एक पाय कमी.
जॅकार्डचा पत्ता फाटला होता त्या वर्षी,
मालकानं तीन दिवसांचा पगार कापला,
म्हणाला, लंगडा मोर कोण घेणार.
बघ, कुठं जाऊन पडली.'
पदरानं नाक पुसलं,
आणि पहिल्यांदाच शेवट विचारला नाही.

मी सहाचा बघितला, नऊचा बघितला.
नौशादनं प्रोजेक्टरच्या खिडकीतून हात केला,
त्याला वाटलं मला नायिका आवडली.
दवाखाना आला. खाट आली.
नायकाचा बाप तिच्यावर एवढा ऐसपैस मेला होता
की चादरीचं दिसलं फक्त टोक,
आणि तेवढ्यात नर्स मधे आली.
नऊच्या शोला मी दुसऱ्या बाजूच्या खुर्चीत बसलो.
नर्स तरी मधे आली.

आज पुन्हा गुरुवार.
कन्नड पेटी सापडली, इंडीला कुणाच्या तरी गोठ्यात.
तेलुगूचा दुसरा आठवडा. हार वाळले, पोरं वाळली नाहीत.
डाव्या कोपऱ्यात 'दुरुस्ती' असं लिहिलं,
बघत उभा राहिलो,
तळहातानं पुसलं.
मग लिहिलं: मोराला एक पाय कमी आहे. नीट बघा.

इरप्पा वस्तरा पट्ट्यावर घासत बाहेर आला,
ओठ हलवत वाचलं,
म्हणाला, 'ते खरं बे,
पण त्या नर्सला कुणीतरी सांगा की
जरा बाजूला हो.'