लाल ठिपका

ग्रिम्सबीच्या इस्पितळात रात्रपाळीला
माझ्याकडे माणसं पाय घेऊन येतात,
लंगडत, भिंत धरत,
चाकाच्या खुर्चीत पाय पुढं करून.
मी म्हणते, मोजा काढा.
बहुतेकांना आधी मोज्याची लाज वाटते,
मग दुखतं.

एका पावलात सव्वीस हाडं.
शिवाय अंगठ्याच्या बुडाशी तिळासारखी दोन,
ती मोजणीत कुणी धरत नाही.
मधोमध एक होडी आहे, होडीच्याच आकाराचं हाड.
इथल्या गोदीतल्या पुष्कळ होड्या भंगारात गेल्या,
ह्या मात्र माझ्या पडद्यावर रोज लागतात.
तीन पाचरी, एक ठोकळा,
आणि वर, घोट्याच्या खोबणीत बसलेलं ते एक,
ज्याला कुठलाच स्नायू चिकटलेला नाही.
अख्खं अंग त्याच्यावर उभं
आणि त्याचं म्हणून ओढणारं कुणी नाही.
मला थोरल्या वहिनी आठवतात.

मिस्टर मॅझिंघम, वय बहात्तर,
पन्हळीतली पानं काढायला शिडीवर चढले
आणि उभेच्या उभे दोन्ही टाचांवर उतरले.
टाचेला नुसती चीर जात नाही,
उकडलेलं अंडं टेबलावर आपटावं तशी ती बसते.
मग डॉक्टर कण्याचाही फोटो मागतात,
कारण आदळ टाचेपाशी थांबत नाही, वर चढते.
"पानं राहिलीच," ते मला म्हणाले,
"रात्री पाऊस आला म्हणजे?"

मला दिसतं, डॉक्टरांच्या आधी.
सांगायची मुभा नाही.
फोटोच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका ठेवते,
म्हणजे: इथं बघा.

दाइवा आली तेव्हा तिच्या अंगाला मासळीचा वास होता.
कारखान्यात गमबूट घालून, ओल्या फरशीवर, दहा-दहा तास.
दुखणं दुसऱ्या बोटाच्या मागं, बोट ठेवून दाखवण्याइतकं नेमकं.
सुपरवायझर म्हणाला होता,
मोडलं असतं तर चालत आली असतीस का?
फोटो स्वच्छ.
तिनं मलाच विचारलं, मी खोटं बोलतेय का?
केसाएवढी चीर पहिल्या दिवशी दिसत नाही.
हाड आधी दुखतं, पुरावा मागाहून देतं.
पण स्वच्छ फोटोवर ठिपका ठेवता येत नाही.
मी ठेवला नाही.
तीन आठवड्यांनी ती परत आली, तेव्हा हाडाभोवती
दुधावर धरावी तशी
नव्या हाडाची साय धरलेली होती.
तिला आनंद झाला. मोडल्याचा आनंद
मी पहिल्यांदाच पाहिला.

जानेवारीत गाड्यांच्या तळावर, बर्फावर,
माझाच पाय मुरगळला.
जॉसलिननं तो पाटीवर ठेवला
आणि माझंच वाक्य मला ऐकवलं: हलू नका.
"नवीन काही नाही," ती म्हणाली. "पण हे कधीचं?"
करंगळीमागचं हाड, बुडाशी जरा वाकडं,
गाठ धरून कधीच जुळून गेलेलं.

मला आठवेना.
मग आठवलं. इस्लामपूर, शाळांचे खो-खोचे सामने, सातवी.
खांबाशी वळताना कट्‌ असा आवाज.
आत्या म्हणाली, मुरगळलाय, नाटकं नकोत.
आंबेहळदीचा लेप, धोतराची पट्टी,
आणि पावलाच्या कडेवर चालत
महिनाभर शाळा.
पुढं माझ्या लग्नात कुणीतरी म्हणालं होतं,
मुलीची चाल कशी ठसक्याची आहे.

जॉसलिनचं बोट कळीवर थबकलं.
"जुनं आहे. ह्याला देत नाहीत ना?"
नाही देत, मी म्हटलं.
तिला हे मीच शिकवलं होतं.

ती चहाला गेल्यावर
मी एक ठिपका ठेवला,
दोन-तीन सेकंद बघितला,
आणि पुसला.
बाहेर पुढचा माणूस
मोजा आधीच काढून, हातात घेऊन बसला होता.