काच वर केल्यावर

चार महिने मौलासाबला सांगत होतो,
थंड येत नाही रे.
तो म्हणायचा, गॅस भरू या. भरला.
तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी जाळीतून वारा आला
तो रवंथ करणाऱ्या म्हशीनं
तोंडावर श्वास सोडावा तसा.

जाताना रात्र असते, एसी कुणाला हवा.
मार्केट यार्डातून एकला सुटायचं,
मागं कोबी, ढब्बू मिरची, कोथिंबिरीवर ओलं गोणपाट.
येताना मात्र दुपार. रिकामे क्रेट,
आणि माझ्यावर गोणपाटसुद्धा नाही.

शेवटी पिरनवाडीत त्यानं गाडी सावलीत घेतली.
लाल नळी लावली, निळी नळी लावली, काटे बघत बसला.
कॉम्प्रेसरचा क्लच टक् करून धरायचा
आणि टक् करून सोडायचा;
पाहुण्याला राहा म्हणावं
आणि चपला उंबऱ्याकडं सरकवाव्यात, तसा.

मौलासाब गाडीशी कन्नडात बोलतो,
माझ्याशी मराठीत,
न निघणाऱ्या बोल्टाशी उर्दूत.
गाळी बरवल्दु, म्हणाला डॅशबोर्डला.
मग माझ्याकडं वळून: वारा कुठंतरी अडलाय, मोनाप्पा.

ब्लोअरच्या पोटात उंदराचं घर निघालं.
कांद्याची साल, सुतळी, लगमाण्णाचा हरवलेला मोजा
आणि माझ्या पावत्या,
काही कन्नड, काही मराठी,
दातानं कातरून सारख्याच मऊ केलेल्या.
पिल्लं नव्हती. मी दोनदा बघितलं.

कंडेन्सर धुतला, रिले बदलला.
बेचाळीसशे रुपये.
जाळीपुढं हात धरला
तर बोटांची नखं दुखली.

दुसऱ्या दिवशी साखळी सोडल्यावर
मी दोन्ही काचा वर केल्या.
एसी असलेली गाडी घेऊन सहा वर्षं झाली होती.
चोर्ल्याच्या चढाला एसी बंद करायचा असतो,
हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.
मी केला नाही.

आणि ऐकू यायला लागलं.
डाव्या चाकात भुंगा,
उजव्या वळणाला मोठा होणारा, डाव्या वळणाला बारीक.
गिअर पडला की खाली शाफ्टच्या क्रॉसमध्ये
कुणीतरी कडी काढल्यासारखं ठक्.
पाटे कुरकुरत होते,
रिकामे क्रेट आपसात काहीतरी मिटवत होते.
लगमाण्णा झोपेत मोजतो, हे मला माहीत नव्हतं.
एकवीसपर्यंत जातो,
मग परत अकरावर येतो.
इतकी वर्षं हे सगळं वाऱ्याखाली होतं.

आणि एक शीळ.
बारीक, लांब, मध्येच तुटणारी.
म्हटलं, बेल्ट.
कणकुंबीला चहाच्या टपरीसमोर इंजिन बंद केलं.
पंखा थांबला, बेल्ट थांबला,
काच वरच होती.
शीळ चालू होती.

खाली वाकून बघायला निघालो
आणि वाकताना ती वाढली,
बसलो तशी उतरली.
मग हात छातीवर ठेवून
थोडा वेळ तसाच राहिलो.
लगमाण्णा जागा झाला. म्हणाला, पंक्चर काय?

संध्याकाळी मौलासाबनं सिगारेटच्या पाकिटावर लिहून घेतलं.
हबचं बेअरिंग.
शाफ्टचा क्रॉस.
बेल्ट बघायचा, मी म्हणालो. त्यानं बोटानं दाबून बघितला,
म्हणाला, बेल्ट चांगलाय की, नवाच आहे.
आणखी काय?
एवढंच.
त्यानं पेन्सिल कानावर अडकवली, तरी माझ्याकडं बघत राहिला.
तीस वर्षं इंजिनं ऐकतोय तो.

गाडी बाहेर काढली.
एसी चालू ठेवला, दोन्ही काचा खाली केल्या.
ट्रकवाले भोंगे देत निघाले होते, धूळ उडत होती,
काहीच ऐकू येत नव्हतं.
मौलासाब मागून ओरडला:
थंड सगळं बाहेर चाललंय की रे!

जाऊ दे, म्हणालो.
त्याला ऐकू गेलं नसणार.